चार लाख फायलींचं फोल्डर आणि ताटकळत ठेवणारं 'एलएस'

जुनीपानं
नमस्कार मंडळी. आमच्याकडे एका सार्वजनिक वाचनालयाच्या जुन्या मासिकांचं आणि दिवाळी अंकांचं स्कॅनिंग सुरू आहे. एका पानाची एक फाईल, आणि सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये. आकडा आता चार लाखांच्या आसपास गेलाय. फोल्डर नॅसवर (नेटवर्कवरच्या सामायिक साठवणपेटीवर) आहे, एनएफएस या नेटवर्क प्रोटोकॉलने जोडलेलं. माझ्या मशीनवर उबंटू लिनक्स २२.०४. फायलींची नावं देवनागरीत आहेत: अंक, वर्ष, महिना, पान.

एलएस, म्हणजे फोल्डरमधली नावं दाखवणारी आज्ञा, मारलं की कर्सर नुसता लुकलुकत बसतो. दीड-दोन मिनिटं काहीच नाही, मग एकदम लोंढा. लगेच पुन्हा मारलं तर जरा बरं चालतं, पण जेवून आल्यावर ये रे माझ्या मागल्या. मला सगळी यादी नकोच असते. सकाळी चढवलेली पानं जागेवर आली का, एवढंच बघायचं असतं.

माझं म्हणणं असं की नावं दाखवणं एवढंच काम असलेल्या आज्ञेने पहिली ओळ तरी ताबडतोब दाखवली पाहिजे. यात नेटवर्क बदलावं लागेल, नॅस बदलावं लागेल, की एलएसच्या जागी दुसरं काही वापरावं?

टर्मिनलकर
काहीही विकत घ्यायच्या आधी मोजा. तुम्ही म्हणता 'नावं दाखवणं एवढंच काम', पण एलएस तेवढ्यावर थांबत नाही. उबंटूच्या बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाईलमध्ये) एलएसला टोपणनाव दिलेलं असतं, त्यात रंगाचा पर्याय आपोआप लागतो. फाईल चालवण्याजोगी असेल तर हिरवा रंग, म्हणून प्रत्येक फाईलचे परवाने तपासायला स्टॅट, म्हणजे त्या फाईलची माहिती मागणारी हाक, करावं लागतं. वाचनालयाच्याच भाषेत सांगायचं तर कपाटावर चिकटवलेली यादी वाचणं वेगळं, आणि प्रत्येक पुस्तक बाहेर काढून आतला शिक्का बघणं वेगळं. तुमचं एलएस चार लाख पुस्तकं बाहेर काढतंय.

त्यानंतर सगळी नावं क्रमाने लावायची. मग रकाने पाडायचे, आणि रकान्याची रुंदी ठरवायला सगळ्या नावांची लांबी माहीत हवी. म्हणून शेवटचं नाव हातात येईपर्यंत पहिली ओळ छापताच येत नाही.

आता हे करून बघा: उलटी तिरकी रेघ देऊन एलएस, म्हणजे टोपणनाव बाजूला पडतं, आणि पुढे -१यू. यातला यू कॅपिटल. 'एका ओळीत एक नाव, क्रम लावू नकोस' असा त्याचा अर्थ. या एका जोडीसाठी जीएनयूच्या, म्हणजे लिनक्सवर असतं त्या, एलएसमध्ये खास वाट ठेवलेली आहे. नाव मिळालं की लगेच छापायचं, साठवायचं नाही. लाखो नोंदींची फोल्डरं डोळ्यासमोर ठेवूनच ती लिहिलेली आहे.

रस्टवाला
२०२६ मध्ये एलएस कोण वापरतं? त्याच्या जागी रस्ट भाषेत लिहिलेलं एझा टाका. रंग, चिन्हं, गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाची) स्थिती सगळं दिसतं. एक्झा हे जुनं साधन बंद पडल्यावर त्याचीच ही शाखा २०२३ पासून चालू आहे.

टर्मिनलकर
@रस्टवाला, एझा मी रोज वापरतो, पण या दुखण्यावर ते औषध नाही. कोणत्याही भाषेत लिहा, कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, प्रश्न तेच विचारावे लागतात. चिन्ह आणि गिटची स्थिती दाखवायची तर उलट जास्त विचारावे लागतात. इथे वेळ प्रोग्रॅममध्ये जात नाहीये, नॅसच्या उत्तराची वाट बघण्यात जातोय.

मुठेकाठची
वाचतेय. आमच्या ऑफिसातही लॉगच्या फोल्डरची हीच रड आहे.

जुनीपानं
@टर्मिनलकर, -१यू ने पहिली नावं एंटर दाबताक्षणी आली! सगळी यादी संपायला काही सेकंद लागले, पण ताटकळणं गेलं. मग तेच एलएस खरंच एवढं खोळंबतं कशावर?

टर्मिनलकर
एसट्रेसला विचारा, प्रोग्रॅम कर्नलला कुठल्या हाका मारतो ते तो मोजतो. एसट्रेस -सी -डब्ल्यू, पुढे -ओ देऊन अहवाल वेगळ्या फाईलमध्ये, आणि मग तुमचं एलएस रंगासकट. टोपणनाव एसट्रेसपर्यंत पोचत नाही, त्यामुळे रंगाचा पर्याय स्वतः टाइप करा. डब्ल्यू विसरू नका, नाहीतर फक्त सीपीयूचा वेळ मोजला जातो आणि नेटवर्कवर वाट बघण्यात गेलेला वेळ दिसतच नाही.

आणखी एक. बरेच जण मोजताना आउटपुट डेव्ह-नलकडे, म्हणजे सगळं गिळून टाकणाऱ्या कचरापेटीकडे, वळवतात. 'ऑटो' रंग असेल तर समोर टर्मिनल नाही हे ओळखून एलएस रंगच बंद करतं. म्हणजे ज्यावर वेळ जातो तेच काम गाळून मोजमाप होतं. टर्मिनलवरच चालवा.

जुनीपानं
केलं. गेटडेंट्स६४ (नावांची यादी वाचणाऱ्या) हाका बाराशेच्या आसपास. स्टॅटएक्स (म्हणजे तेच स्टॅट) चार लाखांवर. जवळजवळ सगळा वेळ स्टॅटएक्सच्या खात्यात.

बिटबाई
हे आकडे छान जुळतात बघा. जीलिबसी ही सिस्टिमची पायाभूत लायब्ररी एका हाकेत ३२ केबी एवढ्या नोंदी मागते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा वेगळी धरून. पंचवीसेक चिन्हांचं नाव असेल तर ७५ बाइट नावाचे, वर नोंदीचा मथळा, मिळून ९६ च्या आसपास. म्हणजे एका हाकेत साधारण ३४० नावं आणि चार लाखांना बाराशे हाका. यादी वाचायचं मूळ काम एवढंच. उरलेल्या चार लाख हाका निव्वळ रंगासाठी.

जाता जाता: ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाईलसिस्टिमवर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीत ती ८५ चिन्हांवर संपते. 'दिवाळी अंक विशेष पुरवणी अमुक तमुक' अशी लांबलचक नावं देताना ध्यानात ठेवा.

नॅसराव
आता माझ्या आवडीचा भाग. घरातल्या वायरच्या नेटवर्कवर नॅसकडे एक प्रश्न जाऊन उत्तर यायला ०.३ मिलिसेकंद धरा. चार लाख प्रश्न एकामागून एक, म्हणजे १२० सेकंद. तुमची दोन मिनिटं इथे सापडली. वायर जाड केल्याने यात फरक पडणार नाही. इथे फेऱ्यांची संख्या नडतेय.

पण एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीपासून यावर उपाय आहे. रीडडिरप्लस नावाची विनंती असते, तिच्यात नावांबरोबर आकार, परवाने, तारखा एकगठ्ठा येतात. लिनक्सचा क्लायंट ती आपणहून वापरतो, आणि ती चालू असती तर तुमची एवढी दैना झाली नसती. एफएसटॅबमधली (काय कुठे जोडायचं ते लिहिलेल्या फाईलमधली) नॅसची ओळ इथे द्या पाहू. पत्ता खोडून.

दुसऱ्यांदा बरं चालण्याचं कारणही सांगतो. क्लायंट फाईलचे गुणधर्म थोडा वेळ लक्षात ठेवतो, ठरलेल्या सेटिंगप्रमाणे ३ ते ६० सेकंद. जेवण मिनिटाभरात होत नाही, म्हणून नंतर पुन्हा पहिल्यापासून.

जुनीपानं
ओळीत हे आहे: व्हर्स=३, हार्ड, नोआरडिरप्लस, नोएटाइम. बसवून देणाऱ्यांनी लिहिलेली आहे, आम्ही हात लावलेला नाही.

नॅसराव
तिसरा शब्द! नोआरडिरप्लस म्हणजे एकगठ्ठा मागणी बंद. नुसती नावं हवी असतील तर त्याने फायदा होतो, कारण उत्तरं छोटी येतात, आणि कुणीतरी याच विचाराने तो लावला असणार. पण रंग किंवा -एल (छोटा एल, सविस्तर यादी) आलं की उलटं होतं, प्रत्येक फाईलसाठी वेगळी फेरी. शिवाय नुसत्या रीडडिरमध्ये ही फाईल आहे की फोल्डर हेही कळत नाही, त्यासाठीही स्टॅट. तो शब्द काढा, अनमाउंट करून परत जोडा.

कोकणातला_अप्पा
विषय निघालाच आहे तर. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी एलएस मारलं तर लगेच, पण -एल लावलं की पहिल्यांदा चांगलाच खोळंबा. फायली तर पन्नाससुद्धा नव्हत्या, डिस्क स्थानिक. सगळ्यांनी डिस्कवर संशय घेतला. कारण निघालं मालकाच्या नावात! -एल मालकाचा क्रमांक नावात बदलून दाखवतं, आणि आमच्याकडे ती नावं दूरच्या एलडॅप सर्व्हरवर, म्हणजे खात्यांच्या केंद्रीय यादीत. जुन्या बॅचच्या मुलांची खाती पुसलेली, त्यामुळे 'असा कुणी नाही' हे उत्तर यायलाच उशीर.

तपासायचं सोपं आहे. -एल ऐवजी -एन द्या, छोटा एन. मालक क्रमांकातच दिसतो, विचारणा होतच नाही. -एन झटपट आणि -एल मंद, तर दोष नावं शोधण्यात. एसएसएसडीचा (ती नावं आणून देणाऱ्या सेवेचा) कॅशे नीट लावल्यावर आमचं काम झालं.

मुठेकाठची
@कोकणातला_अप्पा, हे कधीच सुचलं नसतं. वाचनखूण साठवली.

सिअ‍ॅटलकर
मॅकवाल्यांसाठी सावधगिरीची सूचना. मॅकवर कॅपिटल यूचा अर्थ वेगळा आहे, तिथे तो -टी किंवा -एल सोबत बदलाच्या वेळेऐवजी फाईल तयार झाल्याची वेळ वापरतो. म्हणजे त्याने क्रम बंद होत नाही. मॅकवर क्रम बंद करायला -एफ, छोटा एफ. तो पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणातही आहे, लिनक्सवरही चालतो, फक्त टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायलीही दाखवतो.

अरुणोदय
माझ्याकडे विंडोजवर डब्ल्यूएसएल२ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) आहे. लिनक्सच्या होममध्ये एलएस विजेसारखं, सी ड्राइव्हवर गेलं की गोगलगाय. हाही एनएफएससारखाच प्रकार का?

बिटबाई
@अरुणोदय, जवळपास. डब्ल्यूएसएल२ मधून सी ड्राइव्ह ९पी नावाच्या प्रोटोकॉलने दिसतो, प्रत्येक विचारणा विंडोजकडे जाऊन येते. काम चालू असलेला प्रोजेक्ट लिनक्सच्या बाजूला हलवा. आणि आधी 'टाइम एलएस' करून पाहा. प्रॉम्प्टमध्ये गिटची शाखा दाखवणारी थीम असेल तर एलएस कधीच संपलेलं असतं, उशीर पुढचा प्रॉम्प्ट छापण्यात होतो. लोक विनाकारण एलएसच्या नावाने बोटं मोडतात.

वाड्यातला_भुंगा
सगळे स्टॅट स्टॅट करताय. माझ्या सर्व्हरवर फोल्डर रिकामं होतं, तरी एलएस खोळंबायचं. एकही फाईल नाही! भुताटकीच वाटली.

टर्मिनलकर
ईएक्सटी४ ना? आधी त्या फोल्डरमध्ये प्रचंड फायली असतील, पीएचपीच्या सेशनच्या किंवा मेलच्या रांगेतल्या. ईएक्सटी४ वर फोल्डर फुगतं, पण फायली पुसल्या तरी आक्रसत नाही. रिकाम्या झालेल्या जागाही वाचाव्याच लागतात. एलएस -एलडी देऊन फोल्डरचा स्वतःचा आकार बघा. नव्या फोल्डरचा ४०९६ असतो, तुमचा काही एमबी असेल.

उपाय: शेजारी नवं फोल्डर करा, मालक-परवाने तेच द्या, जुनं काढून नवं त्याच नावाने ठेवा. किंवा डिस्क अनमाउंट करून ई२एफएससीके -एफडी चालवा, एफ छोटा, डी कॅपिटल.

वाड्यातला_भुंगा
१८९ एमबी!! रिकाम्या फोल्डरचे! सेशनच्याच फायली होत्या. नवं फोल्डर केलं, भूत उतरलं. धन्यवाद दादा.

गझलियत
क्रम लावण्याबद्दल कुणीच बोललं नाही. भाषेचे नियम पाळून तुलना करायला बाइट-बाइट तुलनेपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. एलसी_ऑल=सी, म्हणजे भाषेचे सगळे नियम बंद, लावून एलएस चालवा, फरक दिसेल.

बिटबाई
@गझलियत, थांबा! नावं देवनागरीत आहेत. एलसी_ऑल=सी केलं की एलएसला ती अक्षरं ओळखता येत नाहीत आणि पडद्यावर तिरक्या रेघा आणि आकड्यांची रांगोळी उमटते. फक्त एलसी_कोलेट=सी, म्हणजे क्रमापुरतीच ती सेटिंग, लावा. क्रम बाइटप्रमाणे लागेल, अक्षरं शाबूत राहतील. मात्र एलसी_ऑल आधीच कुठे लावलेलं असेल तर ते कोलेटला दाबून टाकतं, ते आधी काढा.

शब्दसखी
पण मग वर्णानुक्रमाचं काय? आमच्या सूचीत 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी येतात.

बिटबाई
ते बिघडतं. युनिकोडमध्ये 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, त्यामुळे बाइटच्या क्रमात तो 'क' च्याच घरात बसतो. 'ज्ञ' तसाच 'ज' मध्ये. आणि 'ळ' ला 'ल' व 'व' यांच्यामध्ये जागा दिलीय, आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर. छापील सूचीसाठी हा क्रम चालणार नाही. फाईल आली का एवढं बघायला चालेल.

शब्दसखी
पटलं. सूची करताना वेगळा क्रम लावू, रोजच्या कामाला हा.

पदरमोड
मला हा सगळा खटाटोपच उलटा वाटतो. चार लाख फायली एका फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि मग एलएसला दोष द्यायचा? वर्षानुसार फोल्डर करा, विषय संपला. गिट स्वतः काय करतं बघा: हॅशच्या, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या लांब आकड्याच्या, पहिल्या दोन अंकांवरून वस्तू २५६ फोल्डरांत विभागतं.

जुनीपानं
@पदरमोड, विचार रास्त आहे, पण आमच्या सूचीच्या प्रणालीत प्रत्येक पानाचा पत्ता नोंदलेला आहे. फायली हलवल्या तर चार लाख पत्ते बदलावे लागतील, आणि वाचक रोज तिथूनच अंक उघडतात. नवीन स्कॅन वर्षांच्या फोल्डरात टाकायला सुरुवात करता येईल, जुन्यांना धक्का लावायची माझी तयारी नाही.

पदरमोड
जुन्या पत्त्यांवर सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी, ठेवा की.

नॅसराव
@पदरमोड, मग जुन्या फोल्डरात चार लाख फायलींऐवजी चार लाख सिमलिंक होतील. नोंदी तेवढ्याच, शिवाय रंग लावताना लिंक तुटली आहे का हे बघायला तिचं टोकही तपासलं जातं. काम वाढेल. नवं वर्षांत आणि जुनं जागेवर, हा जुनीपानं ताईंचा मार्ग बरोबर आहे.

पदरमोड
लिंकच्या टोकाचा मुद्दा मान्य. पण नवीन स्कॅन आजपासूनच विभागा, ते लांबवू नका.

कोकणातला_अप्पा
वरच्या ओळीतल्या हार्ड माउंटवरून (नॅस उत्तर देईपर्यंत थांबून राहणाऱ्या जोडणीवरून) आठवलं. नॅस बंद पडलेलं असताना होममध्ये एलएस मारलं की टर्मिनल गोठतं, कारण जोडलेलं फोल्डर होमच्या आत असतं आणि रंगासाठी एलएस त्यालाही स्टॅट करायला जातं. उलटी तिरकी रेघ देऊन एलएस मारलं तर नावं लगेच दिसतात. घाबरून सॉफ्ट माउंट (वाट बघून शेवटी त्रुटी देणारी जोडणी) करू नका कुणी, लिहिताना मध्येच त्रुटी येऊन फाईल अर्धवट राहू शकते. स्कॅनच्या कामात तर नकोच.

जुनीपानं
बदल केला. नोआरडिरप्लस काढून परत जोडलं. रंगासकट एलएस आता काही सेकंदांत संपतं, आधीची दोन मिनिटं इतिहासजमा. @नॅसराव, तुमचे किती आभार मानू!

आता मूळ गोष्टीवर येते. सकाळची पानं बघायला मी -१यू चं आउटपुट टेलकडे (शेवटच्या ओळी दाखवणाऱ्या आज्ञेकडे) वळवून शेवटच्या दहा ओळी बघितल्या. त्या ताज्या फायली असतात ना?

टर्मिनलकर
नाही हो, त्यावर विसंबू नका. -यू चा क्रम म्हणजे फाईलसिस्टिमच्या पोटातला क्रम. ईएक्सटी४ मध्ये तो नावाच्या हॅशवर ठरतो, चढवल्याच्या वेळेशी त्याचा काही संबंध नाही. ताज्या फायली वर आणायला -टी लागतो, आणि तारखेसाठी पुन्हा सगळ्यांची चौकशी आली.

तुम्हाला कुठला अंक चढवलाय हे माहीत असतं. मग नावाचा आरंभ द्या: एलएस -एल, पुढे अंकाचं नाव आणि वर्ष, शेवटी तारा. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, फक्त नावं वाचून जुळणारी निवडतो आणि एलएस तेवढ्याच फायलींची चौकशी करतं. शंभर पानांचा अंक असेल तर शंभर. नुसता तारा मात्र देऊ नका. शेल चारही लाख नावं एलएसच्या हातात द्यायला जाईल आणि 'यादी फार लांब' म्हणून कर्नल नकार देईल. मर्यादा साधारण २ एमबीची असते, तुमची नावं त्याच्या कितीतरी पट भरतील.

मुठेकाठची
आमच्या लॉगलाही हेच लागू पडतंय, तारीख नावातच आहे. आज सकाळी तारखेच्या आरंभाने बघितलं, उत्तर लगेच. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

जुनीपानं
अंकाच्या नावाने जमलं. हवी तेवढीच पानं, तारीख-आकारासकट, बोट उचलायच्या आत. एक शेवटचं विचारते. फोल्डरांचा निळा रंग मला हवाच आहे, बाकीचे रंग नसले तरी चालतील. तसं करता येतं?

बिटबाई
येतं. एलएस_कलर्स या चलात चालवण्याजोग्या फायली, सेटयूआयडी, सेटजीआयडी आणि कॅपेबिलिटी (हे तिन्ही विशेष परवाने), म्हणजे ईएक्स, एसयू, एसजी, सीए या चारांना ००  द्या. आता रीडडिरप्लस चालू असल्याने फाईल की फोल्डर हे नावाबरोबरच कळतं, त्यामुळे निळ्या रंगासाठी प्रत्येक साध्या फाईलला स्टॅट लागत नाही. चल रिकामं सोडू नका. रिकामं असलं की एलएस स्वतःचे मूळ रंग वापरतं आणि त्यात हिरवा असतोच. कॅपेबिलिटीचा रंग नव्या आवृत्त्यांनी मुळातच बंद केलाय, तो तपासायला फार वेळ जायचा म्हणून. २२.०४ वर तो तुम्हालाच बंद करावा लागेल.

नॅसराव
आणि उबंटूच्या 'एलएल' या टोपणनावात -एल आहे, तो प्रत्येक फाईलला स्टॅट करायला लावतोच; शिवाय कॅपिटल एफ आहे, तोही चालवण्याजोग्या फायलीपुढे तारा लावायला स्टॅट मागतो. या फोल्डरसाठी 'एलएल' वापरू नका, वेगळं टोपणनाव करून घ्या. बॅशआरसीमध्ये ते मूळ ओळींच्या खाली लिहा.